घरी बांधलेल्या डिस्टॉर्शन पेडलची पेटी आणि तिच्यावरचे गंजिफांचे चित्रण

प्रश्न: तंतुवेध (सावंतवाडी)

नमस्कार.

गिटारसाठी मी घरीच एक डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारी, पायाने चालू-बंद करायची पेटी, बांधत आहे. सर्किट माझे स्वतःचे नाही. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील एमएक्सआर कंपनीने १९७०च्या दशकात पिवळ्या पेटीत जे डिस्टॉर्शन प्लस काढले, त्याचीच ही मांडणी आहे. ती निवडण्याचे कारण असे, की तिच्यातला जवळजवळ प्रत्येक भाग आपल्याकडे सहज मिळतो. ७४१ हा सिग्नल वाढवणारा आयसी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे वापरात आहे, आणि मूळ सर्किटमधल्या जर्मेनियम डायोडच्या जागी मी ओए७९ घातले आहेत, जे रेडिओच्या डिटेक्टरसाठी आपल्याकडे पूर्वीपासून वापरले जातात. सर्व भाग झीरो पीसीबीवर बसवून डाग देऊन झाले आहेत, पेडल वाजते, आणि त्याचा आवाज मला मनापासून आवडतो. पुढच्या कामाबद्दल मात्र जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

सध्या सर्किट प्लॅस्टिकच्या एका डब्यात ठेवले आहे आणि ते नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. डिस्टॉर्शन वाढवले की गुणगुणही वाढते, आणि खोलीतली ट्यूबलाइट बंद केली की ती थोडी कमी होते. दुसरे असे, की व्हॉल्यूमचा नॉब पूर्ण फिरवला तरी पेडलमधून येणारा आवाज गिटारच्या मूळ आवाजाच्या जेमतेम बरोबरीला येतो. तिसरे, डिस्टॉर्शनसाठी ५०० केचा (किलोओहमचा) लिनियर पॉट, म्हणजे एकसारखा बदलणारा फिरता रोध, लावला आहे. तो बहुतेक सगळा फिरवला तरी फारसा फरक पडत नाही आणि शेवटच्या टोकाला एकदम सगळा परिणाम होतो.

चौथा प्रश्न माझ्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. माझी आत्या सावंतवाडीच्या पद्धतीने गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेली खेळण्याची गोल पाने, रंगवते. पेटीच्या वरच्या बाजूला तिने स्वतःच्या हाताने चित्र काढावे, मधोमध दशावतारी गंजिफांतील मत्स्यावतार असावा आणि नॉबभोवती माशांच्या खुणा असाव्यात, असा विचार आहे. तिचा सगळा अनुभव चिंचोक्याची खळ लावून केलेल्या कापडी पानांवर रंगवण्याचा आणि वर लाखेचा लेप देण्याचा आहे. ॲल्युमिनियमच्या पेटीवर हे रंग कसे टिकवावेत, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत आणि पायाखाली वापरायच्या वस्तूवर, हे समजून घ्यायचे आहे. पेटी कोणती घ्यावी आणि रंगकाम आधी करावे की जोडणी, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद: खर्ज (पुणे)

आपण चार प्रश्न वेगवेगळे विचारले असले तरी ते एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण पेडलची धातूची पेटी हा सर्किटचाच एक भाग असतो आणि तिच्यावर दिलेला रंग हा विद्युतरोधक थर असतो. म्हणून गुणगुणीपासून सुरुवात करतो.

या सर्किटमध्ये फीडबॅकचा रोध १ मेगओहम आणि ग्राउंडकडे जाणारा रोध ४.७ के आहे. डिस्टॉर्शन पूर्ण असताना ७४१ येणारा सिग्नल सुमारे २१३ पट वाढवतो. त्यासोबत आत शिरलेली ५० हर्ट्झची प्रत्येक कुजबुजही तितक्याच पटीने वाढते. ही कुजबुज दोन वाटांनी येते. एक वाट गिटारच्या पिकअपची (तारांची कंपने विजेत बदलणाऱ्या भागाची) आहे. आपल्या गिटारला सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे, पिकअप असतील तर ट्यूबलाइटच्या चोकचे चुंबकीय क्षेत्र ते थेट पकडतात, आणि त्याला पेडलची कोणतीही पेटी अडवू शकत नाही. दुसरी वाट म्हणजे पेडलच्या आतल्या उघड्या वायरी आणि उच्च रोधाचे इनपुट. तिला धातूची, ग्राउंडला जोडलेली पेटी पूर्णपणे बंद करते. दोन्हींतली कोणती वाट मोठी आहे हे ओळखण्यासाठी केबलच्या एका जुन्या पिनची टिप (टोक) आणि स्लीव्ह (दांडा) एकमेकांना जोडून ती गिटारच्या जागी इनपुटमध्ये घालावी. गुणगुण थांबली तर ती गिटारकडून किंवा केबलमधून येत होती, आणि तशीच राहिली तर डब्याच्या आत शिरत होती. प्लॅस्टिकच्या डब्यामुळे आपल्याकडे दुसऱ्या वाटेचा मोठा वाटा असेल, असा माझा कयास आहे.

पेटीसाठी १२५बी या मापाची डायकास्ट ॲल्युमिनियमची पेटी घ्यावी. ती साधारण १२२ बाय ६६ मिलिमीटर आणि ३९ मिलिमीटर उंच असते. त्याहून लहान १५९०बी या पेटीतही सर्किट बसेल, परंतु बॅटरी आणि दोन जॅक शेजारी आल्यावर हात फिरवायला जागा राहत नाही, आणि आत्यांना चित्रासाठी मोकळी जागाही हवी आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेत पसोड्या विठोबाच्या परिसरात सुट्या भागांची दुकाने आहेत. तिथे न मिळाल्यास ती ऑनलाइन मिळते. स्टीलचा घरगुती डबाही विद्युतदृष्ट्या चालतो, पण त्याचा पत्रा पातळ असतो, फूटस्विच (पायाने दाबायचा खटका) दाबताना तो आत दबतो आणि त्याबरोबर वरचा रंग तडकतो. प्लॅस्टिकच्या डब्याला आतून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावण्याचा उपाय पुष्कळ जण सुचवतात, मात्र बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पट्ट्यांचा गोंद वीजवाहक नसतो, त्यामुळे दोन पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तरी जोडलेल्या असतीलच असे नाही.

आता व्हॉल्यूमबद्दल. दोन डायोड एकमेकांच्या उलट दिशेने ग्राउंडला जोडलेले असतात आणि सिग्नल त्यांच्या व्होल्टेजपलीकडे जाऊ लागला की ते त्याला कापतात. ओए७९ हा जर्मेनियम डायोड असल्यामुळे हे कापणे सुमारे ०.३ व्होल्टला सुरू होते, म्हणजे आपण आयसीकडून कितीही वाढ मिळवली तरी बाहेर पडणारा सिग्नल शून्याच्या दोन्ही बाजूंना तेवढाच उरतो. जोरात छेडलेल्या गिटारचा सिग्नलही जवळपास याच पातळीचा असतो, म्हणून आपल्याला दोन्ही आवाज बरोबरीचे वाटतात. सर्किट बिघडलेले नाही. आवाज मोठा हवा असल्यास प्रत्येक बाजूला एकामागे एक असे दोन ओए७९ लावावेत. कापण्याची पातळी दुप्पट होते आणि जर्मेनियमचा मऊपणाही राहतो. १एन४१४८ हे सिलिकॉन डायोड लावूनही आवाज वाढतो, पण त्यांचे कापणे अधिक टोकदार असते; आपल्याला सध्याचा आवाज मनापासून आवडतो असे आपण लिहिले आहे, म्हणून तो मार्ग मी सुचवणार नाही. नवीन ओए७९ आणल्यावर मल्टिमीटरच्या डायोड मोडवर तपासावेत. जर्मेनियम डायोड साधारण २०० ते ३५० मिलिव्होल्ट दाखवतो. आकडा ५५० च्या पुढे गेला तर वर काहीही छापलेले असो, तो सिलिकॉनच आहे. डाग देताना डायोडची तार काचेच्या बाजूने पकडीत धरावी, म्हणजे उष्णता काचेपर्यंत पोहोचत नाही.

डिस्टॉर्शनच्या पॉटचे गणित पाहिले की त्याचे वागणे लक्षात येते. पॉट मध्यावर असताना २५० के उरतात आणि वाढ केवळ पाचपट होते. ५० के उरले असताना ती एकोणीसपट होते, आणि उरलेल्या त्या थोड्याशा फिरवण्यात ती एकोणीसवरून २१३ वर जाते. त्यामुळे इथे रिव्हर्स लॉग प्रकारचा, म्हणजे शेवटच्या टोकाकडे रोध हळूहळू बदलणारा, पॉट लागतो. तो आपल्याकडे सहसा मिळत नाही. त्याऐवजी ५०० केचा साधा लॉग पॉट (सुरुवातीला हळू आणि पुढे वेगाने बदलणारा) घेऊन त्याचे पहिले आणि मधले टर्मिनल वापरावे. नॉब मध्यावर असताना पन्नास-साठ के उरतात, परिणाम सगळ्या फिरवण्यात नीट पसरतो, फक्त दिशा उलटी होते: नॉब डावीकडे फिरवला की डिस्टॉर्शन वाढते. हाताला त्याची सवय होते, परंतु पेटीवरच्या खुणा काढण्यापूर्वी याचा निर्णय झालेला असावा.

शेवटी रंगाविषयी विद्युतदृष्ट्या महत्त्वाचे तेवढे सांगतो. पेटीचे ग्राउंड जॅकच्या धातूच्या कॉलरमधून होते. जॅकच्या भोकाभोवती आतल्या बाजूने रंग किंवा पावडर कोटिंग असेल तर पेटी तरंगती (ग्राउंडला न जोडलेली) राहते आणि तिचा काही उपयोग होत नाही. झाकणाच्या कडेलाही हेच लागू आहे. रंगकाम करणाऱ्याला सांगून आतला भाग, जॅकच्या जागा आणि झाकण टेकते ती कड झाकून घ्यावी, आणि शेवटी मल्टिमीटरने जॅकच्या स्लीव्हपासून झाकणापर्यंतचा रोध मोजावा. तो एक ओहमच्या आत आला पाहिजे.

प्रतिसाद: दूरचा षड्ज (ठाणे)

खर्ज यांनी सविस्तर लिहिले आहे. मला एकच सुचवायचे आहे, की ७४१ काढून त्याच जागी टीएल०७१ लावून पाहावा. या सर्किटमध्ये वापरलेल्या पिना दोन्हींत सारख्याच आहेत, त्यामुळे सॉकेट असेल तर सोल्डरिंग आयर्नला हात लावावा लागणार नाही. ७४१ची वाढ आणि बँडविड्थ (कंपनांचा पल्ला) यांचा गुणाकार सुमारे एक मेगाहर्ट्झ आहे. २१३ पट वाढ देताना तो ४.७ किलोहर्ट्झच्या पुढे दम सोडतो, आणि त्याचा स्लू रेटही (आउटपुट बदलण्याचा वेग) मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट इतकाच आहे. टीएल०७१चा सळसळाट कमी असतो आणि वरचे स्वर मोकळे ऐकू येतात.

प्रतिसाद: खर्ज (पुणे)

आपले आकडे बरोबर आहेत, निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही. गिटारच्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर स्वतःच पाच किलोहर्ट्झच्या आसपास उतरू लागतो, त्यामुळे ७४१ जे गाळतो त्यातले बरेचसे तसेही ऐकू येणार नसते. जे ऐकू येते ते म्हणजे कापलेल्या लहरींची करकर, आणि तीच ७४१ बोथट करतो. प्रश्नकर्त्यांना सध्याचा आवाज आवडतो, त्यात या मंदपणाचा मोठा हात आहे असे मला वाटते. सॉकेट लावून दोन्ही ऐकावेत, यात मात्र दुमत नाही.

पूर्ण डिस्टॉर्शनवर खर्जाच्या तारा विरळ वाटत असतील तर त्याचे कारण आयसीत नसून ०.०४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये आहे. ४.७ केसोबत तो ७२० हर्ट्झच्या खालची वाढ कमी करत जातो, आणि सर्वांत जाड तार तर ८२ हर्ट्झची आहे. तिथे ०.१ लावला तर ही मर्यादा ३४० हर्ट्झच्या जवळ येते आणि आवाजाला अंग भरते.

प्रतिसाद: हातचा रंग (कोल्हापूर)

मी रंगकामाच्या व्यवसायात आहे आणि गिटारच्या पेडलच्या पेट्याही अधूनमधून हाताखालून जातात. पेटीच्या पृष्ठभागाबद्दल लिहितो.

क्रमाबद्दल प्रथम: भोके आधी, रंग नंतर, जोडणी सर्वांत शेवटी. रंगवलेल्या पेटीला ड्रिल लावले की भोकाच्या कडेचा रंग कपची निघून उडतो आणि ती कड पुढे रोज थोडी थोडी सोलत जाते. कागदावर आखणी करून तो पेटीवर चिकटवावा, प्रत्येक केंद्रावर पंचाने खूण करावी आणि स्टेप ड्रिलने भोक हळूहळू वाढवावे. फूटस्विचला १२ मिलिमीटर लागतात, पॉटला सात, आणि जॅकसाठी हातात असलेला जॅकच मोजून घ्यावा, कारण त्यांची मापे कंपनीनुसार बदलतात. भोकांच्या कडा गोल कानशीने घासून गुळगुळीत कराव्यात.

डायकास्ट पेटी साच्यातून सुटावी म्हणून साच्याला तेलकट लेप दिलेला असतो आणि त्याचा अंश पेटीवर राहतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण रंग सोलण्याचे पहिले कारण तोच असतो. भांड्याचा साबण आणि गरम पाण्याने पेटी खसखसून धुवावी, कोरडी करावी, ३२० नंबरच्या पॉलिशपेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासावी, मग थिनरने पुसावी आणि त्यानंतर तिला उघडे बोट लावू नये. ॲल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर धरतो आणि साधा प्रायमर त्यावर नीट बसत नाही. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात एच (etch) प्रायमर मिळतो. त्यातले आम्ल धातूला किंचित खाऊन पकड तयार करते. त्याचा एक पातळ हात पुरेसा असतो.

आपल्याकडची हवा पाहता पायाचा रंग स्प्रेच्या डब्याने देऊ नये, असे मी सांगेन. पावसाळ्यात लॅकर उडवला की त्यातले द्रावक झपाट्याने उडून जाते, पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतले बाष्प धरते आणि थर दुधाळ होतो. त्यापेक्षा पेटी पावडर कोटिंग करून घ्यावी. औद्योगिक वसाहत असलेल्या बहुतेक गावांत हे काम करणारे असतात. पावडर १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळून बसते, तिथे बाहेरच्या दमटपणाचा प्रश्न येत नाही, आणि एच प्रायमरचीही गरज उरत नाही. खर्ज यांनी सांगितलेल्या जागा भट्टीत टिकणाऱ्या टेपने झाकायला त्यांना आवर्जून सांगावे. न सांगता दिले तर पेटी आतून-बाहेरून सारखी रंगून येते.

या पायावर आत्यांनी रंगवण्यापूर्वी तो ४०० नंबरच्या पेपरने हलका घासून मंद करावा. डिंकात कालवलेले पारंपरिक रंग इथे चालणार नाहीत. कापड आणि खडूचा लेप डिंकाला शोषून घेतात. पावडर कोटिंग काहीच शोषत नाही, त्यामुळे रंग वाळला की पापुद्रा होऊन सुटतो. ॲक्रिलिक रंग घ्यावेत. गंजिफांवरची बारीक पांढरी रेघ ॲक्रिलिकमध्ये थोडे फ्लो मीडियम (रंग वाहता करणारे द्रव) घातल्यावर लांब आणि सलग ओढता येते, कारण नुसते पाणी घालून पातळ केलेला रंग रेघेच्या मध्येच तुटतो. हा फरक आत्यांच्या हाताला पहिल्या रेघेतच जाणवेल.

लाखेचा लेप देऊ नये, असे मात्र स्पष्टपणे सांगावेसे वाटते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, ऊन लागले की मऊ पडते आणि ओल धरून पांढरी होते. पेटीत जपून ठेवलेल्या पानांना यातले काही सोसावे लागत नाही. पेडलवर बूट पडतो, सांडलेला चहा पडतो, गाडीच्या डिकीतला उकाडा पडतो. गाड्यांना देतात तो दोन घटकांचा क्लिअर कोट सर्वांत टिकाऊ, परंतु त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि ते फुप्फुसांना घातक आहे. कापडी मास्क बांधून तो घरी उडवू नये; गाडी रंगवणाऱ्याकडूनच करून घ्यावा. त्याआधी ॲक्रिलिक रंग आठवडाभर तरी वाळू द्यावेत.

आत्यांना त्यांच्या नेहमीच्या रंगांनी, नेहमीच्या कापडावरच काम करायचे असेल तर आणखी एक मार्ग आहे. चित्र त्यांच्या पद्धतीने वेगळे तयार करावे आणि पेटीवर ठेवून त्यावर पारदर्शक ॲक्रिलिकची तबकडी फूटस्विच आणि पॉटच्या नटांनी आवळावी. नावाच्या पाट्या करणारे लेसरने ती हव्या त्या आकारात कापून देतात. चित्राला बूट लागत नाही, आणि पुढे पेडल मोडीत निघाले तरी चित्र सोडवून घेता येते. माझ्या मते हाच मार्ग उत्तम आहे, कारण हाताने केलेल्या कामाला त्यात कुठेही मुरड घालावी लागत नाही.

प्रतिसाद: मांडवीकाठ (पणजी)

विद्युत आणि रंग या दोन्हींबद्दल वरील मंडळींनी सांगितलेच आहे. मला विषयाबद्दल, म्हणजे चित्रात काय असावे याबद्दल, नम्रपणे लिहायचे आहे.

मत्स्यावताराचे चित्र पेडलवर काढू नये, असे मला मनापासून वाटते. ही वस्तू पायाने दाबायची आहे. आपल्या मनात अनादर नसेल हे मी जाणतो, तरीही जी आकृती आपल्या घरांत देव्हाऱ्यात असते ती जमिनीवर, बुटाच्या शेजारी ठेवलेली पाहून कुणाला वाईट वाटले तर ते अकारण म्हणता येणार नाही. आत्यांनाही ते चित्र रंगवताना संकोच वाटण्याची शक्यता आहे.

सुदैवाने सावंतवाडीच्याच परंपरेत याला अतिशय सुंदर पर्याय आहे. दशावतारी गंजिफांची १२० पाने असतात, तर चंगकांचनी गंजिफांची ९६. तिच्यात आठ रंग आहेत: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश. यांत देवादिक कुणी नाही. मुकुट, नाणी, तलवार, दस्तऐवज अशा दरबारी वस्तू आहेत, आणि चंग हे तर तंतुवाद्य आहे. गिटारच्या पेडलवर याहून शोभणारे चिन्ह दुसरे कोणते असणार?

याचा आणखी एक उपयोग खर्ज यांचे उत्तर वाचताना लक्षात आला. गंजिफांच्या प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने असतात, परंतु त्यांचा मान सगळ्या रंगांत सारखा नसतो. ताज, सफेद, शमशेर आणि गुलाम या चार रंगांत राजा-वजिरानंतर दश्शी वरचढ आणि एक्का सर्वांत खाली असतो. चंग, सुर्ख, बरात आणि किमाश या चार रंगांत हा क्रम उलटतो आणि राजा-वजिरानंतर एक्का श्रेष्ठ ठरतो. आपल्या पेडलवरही एक नॉब सुलटा आहे आणि एक उलटा. व्हॉल्यूमच्या नॉबभोवती ताजाच्या खुणा एक ते दहा काढाव्यात, तिथे दहा म्हणजे सर्वांत मोठा आवाज. डिस्टॉर्शनच्या नॉबभोवती चंगाच्या खुणा काढाव्यात, त्याही डावीकडून उजवीकडे एक ते दहाच, पण तिथे एक्क्यावर सर्वांत जास्त डिस्टॉर्शन असेल. खेळाच्या नियमाला धरूनच ते होईल, आणि ज्याला गंजिफा खेळता येतात त्याला नॉब कुठे फिरवायचा हे सांगावे लागणार नाही.

प्रतिसाद: तंतुवेध (सावंतवाडी)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. टिप आणि स्लीव्ह जोडलेली पिन घालून पाहिली, तरीही गुणगुण बरीचशी राहते, म्हणजे खर्ज यांचा कयास बरोबर ठरला आणि धातूची पेटी घेणे ओघाने आलेच. ०.०४७ च्या जागी ०.१ चा कपॅसिटर लावल्यावर पॉवर कॉर्ड (जाड तारांवरचे स्वरमेळ) भरीव वाटू लागल्या आहेत. ७४१ तसाच ठेवणार आहे.

मांडवीकाठ यांचा मुद्दा आत्याला वाचून दाखवला. मत्स्यावताराबद्दल तिच्या मनातही तेच होते, फक्त माझा उत्साह पाहून ती बोलली नव्हती. चंगाची कल्पना ऐकून तिने लगेच पेन्सिलने खुणा मांडायला घेतल्या. तिची एक अडचण आहे: नॉबभोवती दहा ठिकाणी एक ते दहा चिन्हे काढायची तर सहाच्या पुढे जागा पुरत नाही. तसेच पारदर्शक तबकडीचा मार्ग आम्हाला आवडला आहे, परंतु माझ्याकडच्या पॉटचा आट्याचा भाग आखूड आहे. पेटीचा पत्रा, चित्राचे कापड आणि तबकडी यांतून तो बाहेर येऊन नट बसेल का?

प्रतिसाद: खर्ज (पुणे)

१६ मिलिमीटरच्या पॉटचा आटा साधारण सात मिलिमीटर असतो. डायकास्ट पेटीचा पत्रा दोन-अडीच मिलिमीटर, वॉशर आणि नट मिळून सुमारे तीन. त्यात दोन मिलिमीटरची तबकडी आणि कापड घातले तर नटाला धड पकड मिळणार नाही. म्हणून पॉटच्या जागी तबकडीला आणि कापडाला नटाहून मोठे, साधारण १४ मिलिमीटरचे भोक कापावे, नट थेट धातूवर आवळावा आणि वर नॉब बसला की भोक झाकले जाईल. तबकडी धरून ठेवण्याचे काम फूटस्विच आणि कोपऱ्यांतले दोन बारीक स्क्रू करतील. फूटस्विचचा आटा पुरेसा लांब असतो, आणि त्याला दोन नट असतात. आतला नट खालीवर करून उंची जुळवता येते. स्क्रूच्या भोकांभोवती ॲक्रिलिकला चीर जाऊ नये म्हणून ती किंचित सैल ठेवावीत.

बाकी जोडणीबद्दल थोडेसे. इनपुटला स्टिरिओ जॅक लावून त्याच्या रिंगला (मधल्या संपर्काला) बॅटरीची ऋण तार जोडावी, म्हणजे पिन काढली की बॅटरी आपोआप बंद होते. फूटस्विचच्या नऊ टर्मिनलांना डाग देताना आयर्न दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नये. आतले प्लॅस्टिक मऊ पडून संपर्क वाकडे होतात. इनपुट आणि ग्राउंडमध्ये १ मेगओहमचा रोध असावा, त्याने खटका दाबताना येणारा ठप्प आवाज जातो. पॉटची धातूची पाठ आणि पीसीबीची खालची बाजू यांच्यामध्ये जाड पुठ्ठा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावा. पुढे ॲडॉप्टर वापरायचा झाल्यास एक काळजी घ्यावी: राउटरसोबत मिळणाऱ्या नऊ व्होल्टच्या ॲडॉप्टरचे मधले टोक सहसा धन असते, तर पेडलच्या जगात मधले टोक ऋण धरतात. उलटा लागला तर आयसी जळू शकतो, तेव्हा सुरुवातीलाच पुरवठ्याच्या मार्गात एक १एन५८१७ डायोड घालून ठेवावा.

प्रतिसाद: मांडवीकाठ (पणजी)

खुणांच्या जागेबद्दल: पॉट सुमारे ३०० अंश फिरतो, त्यामुळे दहा खुणांमध्ये ३३-३३ अंशांचे नऊ टप्पे येतात आणि प्रत्येकाला फारशी जागा मिळत नाही, हे आत्यांचे म्हणणे खरे आहे. सगळी चिन्हे मोजून काढण्याची गरज नाही. एक्क्याच्या जागी एक मोठे, नीट रंगवलेले चंग काढावे, पंजीच्या जागी पाच छोटी, आणि दश्शीच्या जागी पानावर असतात तशी दोन रांगांत दहा बारीक चिन्हे, जी नॉबपासून बाहेरच्या बाजूला पसरू शकतात. मधल्या जागांवर पिवळे ठिपके पुरेत. चंगकांचनी पानांत प्रत्येक रंगाची पार्श्वभूमी ठरलेली असते, तेव्हा दोन्ही नॉबखालचे गोल त्यांच्या त्यांच्या पार्श्वभूमीने रंगवले तर अंधाऱ्या मंचावरही कोणता नॉब कोणता ते ओळखू येईल. फूटस्विचच्या भोवती मात्र काहीच नसावे, फक्त एक साधी वेलबुट्टीची कड.

प्रतिसाद: हातचा रंग (कोल्हापूर)

चित्र कापडावरच करणार असाल तर तबकडी आवळण्यापूर्वी ते पूर्ण वाळलेले असावे, आणि लाखेचा लेप दिला असल्यास तोही कडक झालेला असावा, नाहीतर दाबाखाली तो ॲक्रिलिकला चिकटतो आणि पुढे चित्र सोडवताना रंग तबकडीबरोबर निघून येतो. कापडाच्या चारही कडा तबकडीपेक्षा दोन मिलिमीटर आत राहतील अशा कापाव्यात, म्हणजे कडेने ओल शोषली जाणार नाही. पावडर कोटिंगसाठी गडद तपकिरी किंवा काळा रंग निवडावा. गंजिफांच्या तांबड्या-पिवळ्यापुढे तो मागे राहतो. पेटी भोके पाडून आणि धुऊन तयार असेल तर ती पावसाळ्यातही कोटिंगला देता येईल.